पल्ला किती, गरज किती

इलेक्ट्रिक गाडी घेतली की पहिल्या वर्षी लोक किंमत विचारतात, दुसऱ्या वर्षी वीजबिल विचारतात आणि तिसऱ्या वर्षापासून एकच प्रश्न सुरू होतो, "आता बॅटरी किती उतरली?" जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर, लग्नाच्या दावतीत, एकदा तर कब्रस्तानातून परततानाही आम्हाला हा प्रश्न विचारला गेला. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना स्वतःला गाडी घ्यायची असते. म्हणून चार वर्षांत आमच्या घराला जे उमगलं, ते इथे सविस्तर लिहीत आहोत.

आम्ही अक्कलकोटला राहतो. गाडी हौसेखातर घेतली नव्हती. अम्मींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी सोलापूरला जाणं आलं. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, म्हणजे महिन्याला हजारच्या आसपास. रोजचं शाळा-बाजार वेगळं. पेट्रोलवर हे झेपणारं नव्हतं. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही, हे घरात ठरलेलं. भिशीचे पैसे, वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा आणि मोठ्या भाईंनी दिलेलं कर्जे हसना, असं मिळून गाडी दारात आली. भाईंचे पैसे अजून फिटायचे आहेत. नवी बॅटरी काही लाखांत जाते, त्यामुळे "गेली तर दुसरी टाकू" असं म्हणण्याची आमची ऐपत नाही.

गाडी नवी होती तेव्हा एसी न लावता, आमच्या चालवण्यानं, फुल चार्जवर २१० किलोमीटर जायची. आज १९० जाते. कंपनीच्या कागदावरचा आकडा याहून बराच मोठा असतो, पण तो ठरावीक पद्धतीनं चाचणी घेऊन काढलेला असतो. आपल्या रस्त्यावर, आपल्या वेगानं, घरच्या माणसांनी भरलेली गाडी तेवढी जात नाही. तो आकडा पहिल्याच दिवशी मनातून काढलेला बरा.

मग हे २० किलोमीटर गेले कुठे?

आमची थोरली बारावी सायन्सला आहे. तिनं जेवणाच्या दस्तरख्वानवर दोन वाट्या ठेवून समजावलं. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे कण एका वाटीतून दुसरीत जातात, तेव्हा चार्जिंग होतं. उलट फिरतात, तेव्हा गाडी चालते. यातली एक वाटी ग्राफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिसात असतं त्याची. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर एक पातळ थर बसतो. तो थर हवाच, नाहीतर बॅटरी टिकणार नाही. पण पुढेही तो हळूहळू जाड होत राहतो आणि दर वेळी थोडं लिथियम खाऊन टाकतो. तेवढं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. सुरुवातीला हा थर लवकर वाढतो, नंतर सावकाश. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांतली घट पाहून पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडू नये. तो उगीच घाबरवतो.

लिथियम ग्राफाइटमध्ये घालता येतं आणि परत काढता येतं, हे १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात दाखवून देणारे संशोधक म्हणजे रशीद यज़ामी. ते मोरोक्कोतल्या फेजचे. लिथियम-आयन बॅटरीच्या संशोधनासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना मिळालं. यज़ामी त्यात नव्हते. पण २०१४ चं ड्रेपर पारितोषिक, जे इंजिनीअरिंगमधलं फार मोठं मानलं जातं, ते गुडइनफ, योशिनो आणि योशियो निशी यांच्याबरोबर यज़ामींनाही मिळालं. आमच्या मुलांना हे नाव माहीत असावं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

थर वाढवणाऱ्या मुख्य गोष्टी दोन. एक उष्णता, आणि दुसरी बॅटरी काठोकाठ भरून तशीच ठेवणं. दोन्ही एकत्र आल्या की नुकसान सर्वांत जास्त. उष्णतेचा धडा जगाला २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात मिळाला. तिथल्या वाळवंटी उन्हात निसान लीफ गाड्यांच्या मालकांना बॅटरीची क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर उतरताना दिसली. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवण्यासाठी पाणी खेळवण्याची सोय नव्हती. पुढे कंपनीनं क्षमतेवरही हमी दिली. आज आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत बॅटरीभोवती थंड द्रव फिरवण्याची व्यवस्था असते. तरीही सोलापूरचा मे महिना म्हणजे ४२-४३ अंश. सावली शोधणं आपल्याच हातात आहे.

आता रोजच्या सवयींकडे येऊ. "८० टक्क्यांच्या वर चार्ज करायचंच नाही," असं कुणीतरी ठामपणे सांगतं. हे अर्धं खरं आहे. ज्या बॅटऱ्यांत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असतं, त्यांना रोजच्या वापरासाठी ८० टक्के चांगले, आणि लांबच्या प्रवासाआधीच फुल करावं. पण आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत लोह आणि फॉस्फेटची, म्हणजे एलएफपी बॅटरी असते. हा पदार्थ बॅटरीसाठी उपयोगी असल्याचं गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाढी आणि नंजुंडस्वामी यांनी १९९७ मध्ये मांडलं. ही बॅटरी जास्त टिकाऊ असते. फुल चार्ज ती बऱ्यापैकी सोसते. इतकंच नव्हे, तिला अधूनमधून १०० टक्के करणं गरजेचंही असतं. तिचा दाब भरताना-उतरताना फारसा बदलत नाही, त्यामुळे आत किती चार्ज उरला याचा गाडीचा अंदाज चुकत जातो. फुल केलं की तो पुन्हा जागेवर येतो. आपली बॅटरी कोणती आणि किती दिवसांनी फुल करायची, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. मशिदीबाहेरच्या सल्ल्यापेक्षा ते पान आधी वाचावं.

आमची एलएफपी आहे. आम्ही डायलिसिसच्या आदल्या रात्री ती फुल करतो. पण इशानंतर लगेच चार्जिंग सुरू करत नाही. दुपारच्या उन्हातून आलेली गाडी आधी थंड होऊ देतो. रात्री अकराच्या सुमारास टायमर सुरू होतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला साधारण ३ युनिट जातात. फज्रपर्यंत काम होतं आणि साडेसहाला आम्ही निघतो. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरलेली राहते ती तास-दीड तासच. बाकीच्या दिवशी ७०-८० टक्क्यांवर थांबतो.

सॉकेटबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि नीट अर्थिंग करून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावू नका. सहा-सात तास सलग भार असतो, वायर तापली तर प्रश्न बॅटरीचा राहत नाही, घराचा होतो.

बॅटरी अगदी शून्याजवळ नेऊन तशीच उभी ठेवणंही वाईट. आम्ही २० टक्क्यांच्या खाली सहसा जाऊ देत नाही. उमरहला किंवा लांब गावी जाणार असाल तर गाडी पन्नासच्या आसपास ठेवून सावलीत उभी करा, फुल करून नको. फास्ट चार्जर टाळायचाच, असंही नाही. पुण्याला जाताना आम्ही तो वापरतो. मात्र ८० नंतर त्याचा वेग मंदावतो, म्हणून तिथं शंभरची वाट बघण्यात वेळ जातो आणि मागच्या गाडीचाही खोळंबा होतो.

घट मोजायची असेल तर स्क्रीनवरच्या किलोमीटरवर विसंबू नका. तो आकडा मागच्या काही दिवसांच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. वेगानं गेलात, टायरमध्ये हवा कमी असली, उलटा वारा असला की तो खाली येतो. आम्ही सॉकेटला सबमीटर लावला आहे. २० वरून १०० टक्के करायला नव्या गाडीला मीटरवर २७ युनिट लागायचे, आता साडेचोवीसच्या आसपास लागतात. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत वाया जाते, ती दोन्ही वेळा धरलेली आहे. थोरली दर तीन महिन्यांनी हे वहीत लिहिते. वॉरंटीसाठी कधी बोलायची वेळ आली तर अशी नोंद हाताशी असलेली बरी. अनेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते, हे कागदावर तपासून घ्या.

ही वही घरात आल्यावर एक गोष्ट घडली. "वीस किलोमीटर कमी झाले," हे वाक्य अम्मींच्या कानावर पडलं. त्या उन्हाळ्यात त्या गाडीत बसल्या की हळूच एसीचा खटका बंद करू लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "मला गारवा सोसत नाही." परतताना चेहरा लालबुंद, ओढणी घामानं भिजलेली. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून प्यावं लागतं. उकाड्यानं तहान वाढते आणि ती भागवता येत नाही. शेवटी एके दिवशी धाकट्याला त्या बोलून गेल्या, "माझ्यासाठी बॅटरी संपायला नको, तुमच्या बड्या अब्बांचे पैसे अजून द्यायचेत."

त्या रात्री थोरलीनं वही घेऊन अम्मींच्या पलंगावर बैठक मारली. "दादीअम्मी, हिशेब बघा. एसी तासाभरात एक ते दीड युनिट खातो. एका युनिटला आपली गाडी ७ किलोमीटर जाते. म्हणजे सोलापूरला जाताना फार तर १० किलोमीटर, येताना १०. आपला रस्ता ८० चा. एकूण झाले १००. गाडी जाते १९०." अम्मी म्हणाल्या, "आणि अजून उतरली तर?" तिनं पुढची ओळ दाखवली. नव्या गाडीच्या ७० टक्के पल्ला उरला, तरी तो १४७ किलोमीटर होतो. तेव्हाही एसी लावून सोलापूरला जाऊन आल्यावर ४७ उरतात. अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग मधल्या दिवशी मला बहिणीकडेही नेत जा."

आम्हाला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. बॅटरी किती उतरली, हा प्रश्न अर्धा आहे. आपल्याला रोज किती लागतं, हा दुसरा अर्धा, आणि तो कुणी विचारत नाही. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्यानं २० किलोमीटरच्या घटीची चिंता करत झोप घालवणं व्यर्थ. उलट ज्याचा रोजचा रस्ताच पल्ल्याच्या काठावर असतो, त्यानं घेतानाच मोठ्या बॅटरीची गाडी बघावी. ती नंतर सवयींनी मोठी होत नाही.

वस्तू जपणं ही अमानतदारी आहे आणि उधळपट्टी, इस्राफ, आपल्याला मना आहे. पोट गळ्यापर्यंत भरू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. बॅटरीच्या बाबतीतही ती बऱ्याच अंशी लागू पडते. पण मीज़ानला दोन पारडी असतात. बॅटरी वाचवण्यासाठी आजारी माणसाला उन्हात घामाघूम बसवणं ही काटकसर नव्हे. गाडी माणसांसाठी घेतली आहे.

तेव्हा गाडी घेणाऱ्या भावाबहिणींना आमचा सल्ला थोडक्यात असा. आपल्या बॅटरीचा प्रकार ओळखा. उन्हातून आलेली गाडी निवल्यावर चार्जिंगला लावा. भरलेली किंवा रिकामी बॅटरी दिवसच्या दिवस ठेवू नका. दर तीन महिन्यांनी युनिट लिहून ठेवा आणि त्याच पानावर, त्या आकड्याच्या शेजारी, घराची रोजची गरज लिहा. दोन्हींमध्ये अंतर भरपूर असेल तर वही मिटा, एसी लावा आणि घरच्यांना घेऊन निघा.