पोटावरची पिशवी आणि आपल्या मनातला विटाळ

आमच्या वस्तीतले काका म्हणजे मोर्चात कायम पुढे असणारा माणूस. गेल्या वर्षी शौचातून रक्त जायला लागलं. मूळव्याध समजून कित्येक महिने गेले. मुंबईला नेलं तेव्हा कळलं, मोठ्या आतड्याचा कॅन्सर, तोही पसरलेला. आतड्याचा रस्ताच बंद झाला होता, म्हणून कोलोस्टोमी करावी लागली. म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढलं. त्याला स्टोमा म्हणतात. मळ तिथून बाहेर येतो आणि चिकटवलेल्या पिशवीत साठतो. त्यावर माणसाचा ताबा राहत नाही. उपचार चालू असताना कुटुंब दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलं.

काका घरी आल्यावर आम्ही पाच-सहा कार्यकर्ते फळं घेऊन गेलो. खोलीत वास होता. काकूंनी चहा ठेवला. "आत्ताच झाला, काकू," असं म्हणून आम्ही उठलो. ते खोटं होतं. काका भिंतीकडे तोंड करून पडून होते.

२० मार्चला महाडला जाणारे, चवदार तळ्यावर भाषणं ठोकणारे आम्ही! आमच्याच माणसाच्या घरचा चहा आम्हाला चालला नाही. याला विटाळ नाही तर काय म्हणायचं?

बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात एक प्रसंग दिला आहे. पोटाच्या आजारानं एक भिक्खू स्वतःच्या मळात पडला होता. तथागतांनी आनंदाच्या मदतीनं त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं आणि मग भिक्खूसंघाला जाब विचारला. तो जाब आम्हालाही लागू होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत गेलो. आधी चहा मागून घेतला. मग काकूंकडून शिकलो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. कातडी साध्या पाण्यानं धुऊन पूर्ण कोरडी करायची. भोक स्टोमाच्या मापापेक्षा किंचित मोठं कापायचं, नाहीतर गळती होऊन कातडी सोलवटते. स्टोमा लाल, ओलसर असतो. हात लागला तरी दुखत नाही. आमचाच हात थरथरत होता.

काही मित्र म्हणतील, मैला उचलण्यातून बाहेर पडायलाच तर आपण लढलो. खरं आहे. पण जातीनं लादलेलं काम वेगळं आणि आपल्या माणसाची शुश्रूषा वेगळी. मात्र तीच शुश्रूषा रात्रंदिवस एकट्या बाईवर टाकली, तर तीही गुलामीच. काकूंना तीन आठवड्यांत सलग झोप मिळाली नव्हती. आता आम्ही पाळ्या लावल्या आहेत.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, पण घरी लागणाऱ्या पिशव्या खिशातून आणाव्या लागतात. यंदा जयंतीच्या वर्गणीतून डीजे कमी करून तो खर्च उचलायचं ठरलं. त्यावर वाद झाला, होऊ द्या.

काका पूर्ण बरे होतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. केमो चालू आहे. मागच्या रविवारी ते सैल सदरा घालून अभ्यासवर्गाला आले आणि तासभर बसले. कुणीही खुर्ची लांब सरकवली नाही.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतही असं एखादं घर असेल. फळं नेऊ नका. जा, चहा प्या आणि पाळी मागून घ्या.

जय भीम!