घरी राहिलेले सामान

प्रवासाला निघालेल्या माणसाचा स्वभाव त्याच्या सामानावरून ओळखता येतो, असे म्हणतात. मोटारीने डोंगर ओलांडायला निघालेल्या माणसाचा स्वभाव मात्र त्याने घरी काय ठेवले यावरून ओळखावा, असे माझे मत झाले आहे. बैलगाडीच्या काळी हा प्रश्न बैलच सोडवीत. ओझे जास्त झाले की ते बसकण मारीत. मोटार बिचारी मुकी. घरापुढून निघताना ती काही बोलत नाही. बोलते ती चौदा हजार फुटांवर, आणि तेव्हा तिचे ऐकून घेण्याखेरीज आपल्याला दुसरा उद्योग उरत नाही.

माझ्याकडे एक जिप्सी आहे. १९९८ सालची, लष्कराच्या लिलावातून सुटून दोन-तीन हात फिरत माझ्या दारात आलेली. मारुतीने ही गाडी १९८५ साली बाजारात आणली आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मधल्या तेहतीस-चौतीस वर्षांत तिच्या अंगावर कुणी फारशी ऐट चढवली नाही. खाली कमानपाटे, चारही चाकांना जोर देणारा जादा गिअर आणि वर पत्र्याची पेटी. खिडकी उघडली की गार, लावली की गरम, एवढेच तिचे वातानुकूलन. लष्कराच्या हिशेबात ती ५०० किलो वर्गातली गाडी. २०२२ च्या सप्टेंबरात आम्ही उभयतांनी तिच्यातून मनाली-लेह रस्ता करायचे ठरवले, तेव्हा हा ५०० चा आकडा मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. पुढच्याच रविवारी चार मित्र येऊन गाडीभोवती उभे राहिले आणि जो तो तिला दागिने सुचवू लागला. एकाचे म्हणणे, पुढच्या बंपरवर विजेचा रहाट हवाच. गाडी रुतली की झाडाला दोर बांधायचा आणि आपली आपण बाहेर यायचे.

"पण सरचूच्या पुढे झाड कुठं आहे?" मी विचारले.

"ते वेगळं," तो म्हणाला.

दुसऱ्याने हत्तीच्या सोंडेसारखी टपापर्यंत जाणारी हवेची नळी सुचवली. तिसऱ्याला टपावर उलगडणारा तंबू हवा होता. चौथा मितभाषी. त्याने फक्त शीतपेटीचा उल्लेख केला. हिमालयात जाताना शीतपेटी!

यातली एकही वस्तू वाईट नाही. खोल पाण्यात सोंड इंजिन वाचवते आणि रुतलेल्याला रहाट देवासारखा भेटतो. पण रहाट तीस-चाळीस किलोंचा, तंबू पन्नास-साठ किलोंचा, आणि तोही डोक्यावर. जिप्सी मुळातच उंच आणि अरुंद. टपावर ओझे दिले की प्रत्येक वळणावर ती झोके घेऊ लागते. शिवाय जादा किलोचे भाडे पाटे, ब्रेक, क्लच आणि टायर यांच्याकडून रोज वसूल होत राहते ते निराळेच.

या बाबतीत मी राल्फ बॅग्नोल्डला गुरू मानतो. ब्रिटिश सैन्यातला हा अधिकारी १९२० नंतरच्या काळात साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हौसेने हिंडला. पुढे १९४० साली, महायुद्धात, त्याच अनुभवावर त्याने इजिप्तमध्ये 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' ही तुकडी उभी केली. मालट्रक घेऊन शेकडो मैल शत्रूच्या पाठीमागे जायचे. वाटेत ना विहीर, ना गॅरेज. त्यांनी ट्रकची दारे, टप आणि समोरची काचसुद्धा काढून टाकली आणि वाचलेल्या वजनात पाणी-पेट्रोल भरले. वाळूत चाक रुतले की टायरमधली हवा कमी करायची आणि चाकाखाली लोखंडी पट्ट्या सरकवायच्या. उकळलेले पाणी वाफ होऊन वाया जाऊ नये म्हणून रेडिएटरची नळी पाण्याच्या एका डब्यात सोडलेली असे. वाफ तिथे निवायची आणि इंजिन थंड झाले की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जायचे. आज तुमच्या-माझ्या गाडीत बॉनेटखाली पांढरट प्लॅस्टिकची बाटली असते, ती याच डब्याची नात.

पेट्रोलच्या डब्याचीही अशीच गोष्ट. ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे त्या वाळवंटात इतके गळत की भरलेल्या पेट्रोलचा बराच भाग वाळू पिऊन टाकी. जर्मनांचा वीस लिटरचा डबा मात्र पक्का. त्याला तीन मुठी. म्हणजे भरलेला डबा दोघांनी मिळून धरावा, आणि रिकामे दोन एका हातात न्यावेत. ब्रिटिशांनी शत्रूचा डबा मुकाट्याने उचलला आणि शत्रूला ठेवलेले टोपणनावच त्याला देऊन 'जेरीकॅन' केला. तांडीच्या पेट्रोलपंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर, अशी पाटी वर्षानुवर्षे होती. आमची टाकी ४० लिटरची. डोंगरात लिटरला आठ किलोमीटर धरले तर ३२० वर हिशेब संपतो. म्हणून असा एक डबा घेतला. मित्रांनी चार सांगितले होते.

आता आमचे मिस्त्री. नाना पेठेत बोळाच्या तोंडाशी त्यांचे गॅरेज. हिमालय त्यांनी कॅलेंडरवरच पाहिलेला. पण तिथे काय मोडेल हे त्यांना पुण्यात बसून दिसत होते. मी सामानाची यादी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती न वाचता खिशात घातली आणि म्हणाले, "साहेब, आधी एक चाक काढून दाखवा."

मी गाडीतला पाना लावला. नट हलेना. मिस्त्री गालात हसले. हवेच्या बंदुकीने आवळलेला नट माणसाच्या हाताला दाद देत नाही, आणि बारालाचावर बंदूक कोण आणून देणार? त्यांनी सगळे नट सैल करवले, धाग्यांना किंचित ग्रीस लावले आणि माझ्याच पान्याने, माझ्याच हातांनी आवळून घेतले. त्यानंतर पाच शनिवार मी त्यांचा पोऱ्या होतो. फॅनबेल्ट बदलायला शिकलो, क्लचची वायर ओवायला शिकलो, टायर रिमवरून उतरवून ट्यूब बाहेर काढायला शिकलो. नवा पट्टा आणि नवी वायर त्यांनी गाडीवर चढवली आणि जुने, चालते काढून सुट्या भागांच्या पिशवीत टाकले.

"नवं पिशवीत ठेवायचं नाही का?" मी विचारले.

"नव्याचा भरवसा काय? ते बसतं का, टिकतं का, हे इथंच कळू द्या. जुनं चाललेलं आहे. अडचणीला तेच बरं."

हे वाक्य मला फक्त पट्ट्याबद्दलचे वाटत नाही.

बॅटरीची टोके त्यांनी गरम पाण्याने धुऊन, घासून, वर व्हॅसलीन लावले. रेडिएटरमध्ये निम्मे पाणी आणि निम्मे कूलंट भरले. नुसते पाणी सरचूच्या रात्री गोठेल आणि इंजिन फोडील. मग आम्ही भरल्या गाडीने वरंधा घाटात चाचणी घेतली. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला. गाडी थांबवली, तर बॉनेटखालून वाफ येत होती. परतल्यावर मिस्त्री रेडिएटर उतरवायच्या तयारीला लागले. तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, झाकणाची रिंग बघा की आधी. माझा कुकर असाच करतो. रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, नुसती वाफ जाते आणि पाणी आटतं."

मिस्त्रींनी झाकण उघडले. रबर कडक होऊन चिरले होते. "वहिनी, उद्यापासून गॅरेजवर या," ते म्हणाले.

रेडिएटर हा खरोखरच कुकर आहे. बारालाचा खिंड ४,८५० मीटरांच्या आसपास. तिथे उघड्या भांड्यातले पाणी ८४ अंशांच्या आसपासच उकळू लागते. घट्ट झाकण आतला दाब धरून ठेवते म्हणून पाणी इंजिनाची उष्णता सोसते. झाकण ढिले, तर सगळा थाट फुकट. चहा-भज्याच्या किमतीत बसेल एवढी ती वस्तू. मित्रांच्या एकाही यादीत ती नव्हती.

पुणे ते मनाली हे दोन हजार किलोमीटर नीट पार पडले. २०२० साली खुल्या झालेल्या अटल बोगद्यातून लाहौलमध्ये उतरलो. उंचीची सवय व्हावी म्हणून जिस्प्याला दोन रात्री राहिलो आणि मग सरचू गाठले. तिथली उंची सुमारे ४,२९० मीटर. संध्याकाळी सौ.चे डोके दुखू लागले. रात्री उलट्या सुरू झाल्या. अडीचच्या सुमारास ती मला विचारू लागली, की आपण घरी कधी पोचलो.

उंची बाधलेल्या माणसाला एकच खरे औषध, खाली नेणे. सरचूची जागा मात्र विचित्र. तिथून खाली यायचे तर दोन्ही बाजूंना आधी वर चढावे लागते. मागे बारालाचा, पुढे पाच हजार मीटरांवरची लाचुलुंग. तंबूवाल्याने तिला प्राणवायू लावला, नळकांडे गाडीत ठेवले आणि म्हणाला, "साब, मागे फिरा. उजाडायच्या आत निघा."

साडेचार वाजता मी चोक ओढून किल्ली फिरवली. इंजिन कण्हले आणि थांबले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. त्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात मला रहाट आठवला नाही, तंबू आठवला नाही. मिस्त्रींची ती व्हॅसलीनची डबी आठवली. तिसऱ्यांदा गाडी लागली.

बारालाचाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, काळा धूर सोडीत काढला. विरळ हवेत कार्बोरेटरला पेट्रोल जास्त होते आणि ताकद निम्म्यावर येते. गाडीत आणखी दीडशे किलो असते तर तिने पहिलाच गिअर मागितला असता आणि तो चढ संपता संपला नसता. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. काटा मधोमध उभा. खिंडीपलीकडे झिंगझिंगबारचा नाला उजाडता उजाडता लागला. पाणी चाकाच्या वाटीपर्यंतच होते. उन्हाने बर्फ वितळले की दुपारी तोच नाला ट्रकवाल्यांनाही थोपवून धरतो. दहाच्या सुमारास केलाँगच्या रुग्णालयात पोचलो. उंची तीन हजार मीटरांवर आली होती. दुपारी तिने डोळे उघडून विचारले, "इथं चहा मिळेल का हो?" एवढा सुंदर प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारलेला नाही.

आम्ही लेह पाहिले नाही. डॉक्टर म्हणाले, यंदा पुरे. आणि आम्ही सावकाश घरी आलो. लोक विचारतात, एवढी तयारी करून अर्ध्यातून परत? मी त्यांना सांगतो, तयारी जायची नसतेच. ती परत येण्याची असते.

सुट्या भागांची पिशवी मिस्त्रींना परत द्यायला गेलो. त्यांनी पट्टा, वायर, प्लग, ट्यूब एकेक काढून पाहिले. काहीही वापरलेले नव्हते.

"मग बरोबर भरलं होतं," ते म्हणाले, आणि पिशवी खुंटीला टांगून दुसऱ्या गाडीखाली शिरले.