स्पेन कॅन्सल, म्हसा कन्फर्म!

आमच्या ग्रुपची स्पेन ट्रिप ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’पासून ठरतेय. सिनेमा आला २०११मध्ये, तेव्हा आम्ही शाळेत होतो. नंतर कॉलेज झालं, नोकऱ्या लागल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘स्पेन पक्कं’ नावाचा ग्रुपही झाला. पण स्पेन काही पक्कं होईना! कधी कुणाची रजा नाही, कधी कुणाचा ईएमआय, तर कधी व्हिसाच्या कागदांचा कंटाळा. शेवटी डोंबिवलीत राहणारा आणि ऐरोलीला आयटी सपोर्टमध्ये नाईट शिफ्ट मारणारा आमचा मित्र वैतागून म्हणाला, ‘‘बैलच बघायचेत ना तुम्हाला? मग माझ्या गावाकडे चला. दीडशे रुपयांत जाऊन-येऊन होईल.’’

गाव मुरबाड तालुक्यातलं आणि जत्रा म्हशाची. ग्रुपमधल्या सहाजणांनी अंगठा दाखवला. प्रत्यक्षात कल्याण स्टेशनवर उगवले दोघेच, तो आणि मी. टिपिकल!

तारीख होती १३ जानेवारी २०२५, वार सोमवार, पौष पौर्णिमा. त्याच दिवशी तिकडे प्रयागराजला महाकुंभाचं पहिलं स्नान होतं, त्यामुळे सगळे चॅनेलवाले तिकडे. इकडे कल्याणच्या एसटी स्टॅण्डवर मात्र मुरबाडच्या गाडीला तोबा गर्दी. मुरबाडला रेल्वे नाही. लोकलची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना तिथूनच वेगळा प्रदेश सुरू होतो. साधारण तीस किलोमीटरवर मुरबाड, तिथून कर्जतच्या रस्त्याने पुढे म्हसा.

गाडीतून उतरलो आणि आधी आवाज आला. घुंगरांचा, पिपाण्यांचा, लाऊडस्पीकरवरच्या ‘या ताई या’चा. मग वास. भजी, शेण, धूळ, गुळाची मिठाई, सगळं एकत्र. माझे पांढरे स्नीकर्स पाच मिनिटांत मातकट झाले. (पांढरे घालून जाऊ नका, प्लीज.)

देव आहे खांबलिंगेश्वर, लोकांच्या तोंडी म्हसोबा. दर्शनाच्या रांगेत पुढच्या आजींनी विचारलं, ‘‘कोन गावची गं पोरी?’’ मी म्हटलं, ‘‘मुंबईची.’’ ‘‘मंग नवस बोल कायतरी. एवढ्या लांब आलीस.’’ मी पटकन ‘स्पेन’ म्हणणार होते, पण म्हसोबाला व्हिसाच्या कामाला लावणं बरं नव्हे. हात जोडले आणि बाहेर पडले.

बाहेर अख्खं शॉपिंग मॉल पसरलेलं! आकाशपाळणा, मौत का कुआं, बांगड्या, टोपल्या, कोयते, विळे, तवे. घोंगड्यांचे ढीगच्या ढीग. मी एक गालाला लावून बघितली. भयंकर टोचली. विकणारे काका हसून म्हणाले, ‘‘ताई, ती गालाला नाय लावायची, थंडीला लावायची.’’ घेतली. एसी ऑफिसात बसणाऱ्यांनी तर नक्की घ्यावी.

पण म्हशाची जत्रा खरी ओळखली जाते ती बैलबाजारासाठी. मोकळ्या माळावर जोड्याच जोड्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा. मित्राने मला क्रॅश कोर्स दिला. बैलाचं वय दातांवरून. दुधाचे दात असले तर ‘आदत’, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि सगळे आले की ‘जुळला’. पांढरेशुभ्र, लांब शिंगांचे, तडफदार ते खिल्लार. आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, थोराड, शांत ते डांगी. डांगी म्हणजे डोंगराळ, पावसाळी मुलखाचा बैल. त्याच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे धो धो पावसातही तो टिकतो. खूर कडक, भाताच्या खाचरातल्या चिखलणीसाठी बनलेले. थोडक्यात, बिल्ट-इन रेनकोट आणि गमबूट!

‘‘तुला एवढं कसं माहीत?’’ मी विचारलं. तो काहीच बोलला नाही. चालत चालत एका आंब्याच्या झाडाखाली थांबला. तिथे त्याचे बाबा उकिडवे बसले होते आणि शेजारी डांग्यांची एक जोडी उभी होती.

म्हणजे आम्ही जत्रा बघायला आलोच नव्हतो. तो बैल विकायला आला होता.

‘‘सांगितलं असतंस तर तू आली नसतीस. आणि मला एकट्याला यायचं नव्हतं,’’ एवढंच म्हणाला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आईचे गुडघे गेलेत. गोठा काढायला, वैरण घालायला कुणी नाही. बहीण लग्न होऊन गेली. चिखलणीला त्याने गेल्या वर्षी पॉवर टिलर आणलाय, त्याचा हप्ता त्याच्याच पगारातून जातो. टिलर तासाभरात खाचर उरकतो आणि वर्षभर खात नाही. हिशोब अगदी बरोबर. एक्सेल शीटमध्ये बैल कुठेच बसत नाहीत. त्यानेच बाबांना सहा महिने समजावलं होतं. बाबा अखेर ‘बरं’ म्हणाले आणि तेव्हापासून त्यालाच झोप नव्हती.

पूर्वी असा हिशोब इतका अवघड नव्हता, असं तिथले जाणते सांगतात. २०१५पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. देवाधर्माच्या दृष्टीने अनेकांना ते पटतंच, पण थकलेला बैल पोसायचा कुणी, हा प्रश्न गोठ्यातच राहतो. दुसरीकडे शर्यतींचं. २०१४मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटी घालून परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. त्यामुळे पळणाऱ्या खिल्लाराभोवती फोटो काढणाऱ्यांची झुंबड. चिखलात राबणाऱ्या डांग्याबरोबर सेल्फी कुणी घेत नव्हतं.

एक व्यापारी आला. दात बघितले, पाठीवर थाप मारली, चालवून बघितलं. मग त्याने आणि काकांनी हातात हात घेतले आणि वर उपरणं टाकलं. सौदा बोटांवर! उपरण्याखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, आजूबाजूच्यांना पत्ता लागत नाही. आपल्या पगाराच्या निगोशिएशनपेक्षा जास्त कॉन्फिडेन्शियल. काकांचा चेहरा बदलला, म्हणजे आकडा चांगला होता. त्यांनी विचारलं, ‘‘कुठं नेनार?’’

‘‘नेऊ कुठंतरी. तुमाला पैशाशी मतलब ना?’’

काकांनी हात काढून घेतला. ‘‘नाय जमायचं.’’

मित्र चिडला. ‘‘बाबा, एवढे कोण देणार परत?’’ काका त्याच्याकडे न बघता बैलाच्या मानेखाली खाजवत राहिले. दुपार कलली. आम्ही भजी खाल्ली, चहा प्यायलो. मी मनात शेवटच्या एसटीचा हिशोब करत होते. मग शहापूर तालुक्यातलं एक नवरा-बायकोचं जोडपं आलं. बाई पुढे झाली आणि दात न बघता आधी तिने बैलाच्या कपाळाला हात लावला. ‘‘मारतो का?’’ ‘‘ल्हान पोर बांधा शेजारी,’’ काका म्हणाले. चार एकर भात, टिलर परवडत नाही, आधीचा एक बैल गेला. पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं. सौदा झाला. आकडा मला कळला नाही, पण व्यापाऱ्याच्या आकड्यापेक्षा कमी होता, हे मित्राच्या तोंडावरून कळलं.

काकांनी दावी सोडून घेतली. बैल द्यायचा, दावं द्यायचं नाही, अशी रीत. शहापूरकरांनी जत्रेतूनच नवे कासरे आणले. बैल दहा पावलं गेले आणि एकाने मान वळवून बघितलं. काका तोपर्यंत पाठ करून विडी पेटवत होते. दोन काड्या विझल्या. तिसरी मित्राने पेटवून दिली.

परतीच्या गाडीत मी मोबाइलवर स्पेनमधल्या सेव्हिया शहराच्या प्रसिद्ध जत्रेबद्दल वाचत होते. एप्रिलमधली ती जत्रा, फ्लॅमेन्कोचे झगमगीत ड्रेस, हजाराहून जास्त रंगीत मांडव, त्यातले बहुतेक खासगी. आमच्या बकेट लिस्टमध्ये तीही आहे. ती सुरू झाली १८४७मध्ये, १९ मांडवांची, आणि सुरू झाली ती चक्क गुरांचा बाजार म्हणून! आज तिथे घोडागाड्यांची मिरवणूक असते, बैलांच्या झुंजी असतात, नाचगाणी असतात. पण गाई-बैल विकायला कुणी येत नाही. जत्रा उरली, बाजार गेला.

मी ते मित्राला वाचून दाखवलं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘‘म्हणजे तिथेही कुणीतरी पहिला टिलर घेतला असेल.’’

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. तिळगूळ द्यायला त्याच्या डोंबिवलीच्या फ्लॅटवर गेले, तर शू-रॅकच्या वरच्या खिळ्याला एक दावं टांगलेलं. दुसरं गावी, काकांकडे. मी काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. तेवढ्यात ‘स्पेन पक्कं’वर मेसेज आला : ‘या वर्षी तरी जायचं का?’

त्याने टाइप केलं : ‘आधी पुढच्या पौषात म्हसा. सगळ्यांनी. अंगठा नको, या.’

जायचंय?
केव्हा : पौष पौर्णिमेपासून पुढे काही दिवस. बैलबाजार बघायचा तर सुरुवातीलाच आणि सकाळी लवकर.
कसं : कल्याण स्टेशनबाहेरून मुरबाडची एसटी, पुढे म्हशाला एसटी किंवा शेअर गाडी. परतीच्या गाडीची वेळ आधीच विचारून ठेवा.
जवळपास : ट्रेकर असाल तर सिद्धगड. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना तिथे हौतात्म्य आलं. नुसता फोटो काढून परतू नका, स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा.
काय न्याल : टोपी, पाणी, सुटे पैसे, जुने बूट.
काय आणाल : घोंगडी. टोचते, पण टिकते.