सुवर्णभूमीत पाय ठेवताना

बँकॉकच्या विमानतळाचं नाव ‘सुवर्णभूमी’. २००६ साली सुरू झालेल्या या विमानतळावर समुद्रमंथनाचं मोठं शिल्प आहे. वासुकीला दोन्हीकडून ओढणारे देव-दैत्य पाहून आमच्या मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, हे तर आपलंच गाव की!” गाव आपलं वाटलं की माणूस सैलावतो, आणि फसवणारे त्याचीच वाट पाहत असतात.

आम्ही तिघं, म्हणजे हे, जाऊबाई आणि मी, बेळगावहून टूर कंपनीशिवाय गेलो होतो. दुसऱ्या दिवशी राजवाडा पाहायला निघालो. १७८२ साली बांधायला घेतलेला हा राजवाडा म्हणजे बँकॉकची शान. बाहेरच्या लांबलचक भिंतीकडेनं चालत असताना इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र असलेला एक गृहस्थ पुढे आला. “आज पूजा आहे, एक वाजेपर्यंत बंद. तोवर टुकटुकनं तीन देवळं पाहून या, फक्त वीस बाट.” नकाशावर त्यानं गोलही करून दिले. ह्यांचा एक पाय टुकटुकमध्ये होता. मी म्हटलं, “दारापर्यंत जाऊन बघू, बंद असलं तर परत येऊ.” पुढे गेलो तर दार सताड उघडं, पर्यटकांची ही रांग! राजघराण्याचे खास विधी सोडले तर राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो. ‘बंद आहे’ सांगणाऱ्या अनोळखी माणसांपासून सावध राहा, असा इशारा तिथे पर्यटकांना दिला जातो.

वीस बाटमध्ये तासभर फिरवणं कुणालाच परवडत नाही. म्हणून देवळानंतर गाडी रत्नांच्या दुकानाशी थांबते. तत्पूर्वी देवळात एक सभ्य माणूस ‘सहज’ भेटून सांगतो, की सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस, मायदेशी दुप्पट किंमत येईल. खडे अगदीच काच नसतात, पण दिलेल्या पैशांच्या मानानं कवडीमोल. ते तुमच्या घरच्या पत्त्यावर पार्सलनं पाठवले जातात, म्हणजे तिथल्या तिथे दुसऱ्या सराफाला दाखवायला नकोत. गिऱ्हाईक आणल्याबद्दल टुकटुकवाल्याला पेट्रोलचं कूपन मिळतं. इतकी माणसं एकमेकांना न ओळखल्यासारखी दाखवत एकच गोष्ट सांगतात, तेव्हा भल्याभल्यांना ती खरी वाटते. फसलेल्याला हसू नये.

टॅक्सीचं सोपं आहे. बसण्याआधी ‘मीटर’ एवढाच शब्द उच्चारायचा. नाही म्हणाला तर दुसरी पाहायची. रिक्षावाल्याशी आधी भाव ठरवणाऱ्या आपल्याला हे उलटं वाटतं, पण तिथे ठरवून बसलं की जास्त जातात. पासपोर्ट मात्र कुणाकडेही तारण ठेवू नये. पटाया-फुकेतच्या किनाऱ्यावर पाण्यातली स्कूटर भाड्यानं घ्यायची तर आधी चारही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढावेत, नाहीतर जुन्या ओरखड्यांची भरपाई तुमच्याकडून वसूल होते. मे ते ऑक्टोबरमध्ये फुकेतला लाल निशाण दिसलं तर पाण्यात पाऊल टाकू नये. पावसाळ्यातला गोव्याचा समुद्र पाहिलेल्यांना जास्त सांगायला नको.

कायदेही वेगळे. राजाबद्दल वावगं बोललं किंवा लिहिलं तर तीन ते पंधरा वर्षांची कैद आहे. ई-सिगारेटला बंदी आहे. पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५, रुग्णवाहिकेचा १६६९. दोन्ही आम्ही कागदावर लिहून पर्समध्ये ठेवले होते, कारण मोबाईलची बॅटरी नको तेव्हाच संपते.

पण मला खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तिथे असतानाच जाऊबाईंच्या भाच्याचा फोन आला. व्हॉट्सॲपवर ओळख झालेला एक एजंट त्याला ‘बँकॉकजवळ’ संगणकाची नोकरी देत होता. तिकीट कंपनीचं, पगार डॉलरमध्ये, आणि जायचं पर्यटक म्हणून. गावाचं नाव होतं माए सोत. हे गाव बँकॉकहून सुमारे ५०० कि.मी. लांब, म्यानमारच्या सीमेवर. नदीपलीकडे म्यावडी भागात अशा पोरांना डांबून ऑनलाईन फसवणुकीला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या ५४९ भारतीयांना माए सोतहून परत आणलं.

जाऊबाईंनी तिथूनच भाच्याला फैलावर घेतलं. “पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे त्या एजंटाला विचार. कंपनीचा पत्ता लेखी माग. आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का बघ.” नाव नव्हतं. पत्ता मागितल्यावर एजंट दोन दिवस ‘पाठवतो’ म्हणाला, मग त्याचा फोनच लागेना. भाचा आता हुबळीला एका दुकानात हिशेब बघतो, आणि पगार कमी म्हणून मावशीपाशी कुरकुरतो.