रास मोहम्मदच्या कपारीत

सिनाई द्वीपकल्पाच्या अगदी दक्षिण टोकाला, जेथे सुएझ आणि अकाबा ही दोन आखाते एकमेकांस मिळतात, तेथे रास मोहम्मद आहे. वर रखरखीत वाळवंट, आणि पाण्यात थोडे उतरताच प्रवाळांची गजबजलेली वसती! इजिप्तने 1983 साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला.

येथील कपारींत महाकाय मोरे राहते. वाम माशाच्या जातकुळीतील हा जीव तीन मीटरपर्यंत वाढतो. दिवसा तिचे केवळ मस्तक बाहेर दिसते आणि जबडा सारखा उघडतो, मिटतो. पाहणाऱ्यास तो क्रोध वाटतो. वस्तुतः तो श्वास आहे. कल्ल्यांची छिद्रे लहान असल्याने तिला मुखावाटे सतत पाणी आत घ्यावे लागते. त्याच उघड्या मुखात इवलेसे सफाई-मासे निर्धास्त शिरतात आणि परजीवी टिपून बाहेर येतात.

मोरे मांसभक्षक आहे, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तिच्या शिकारीतही एक नवल आहे. ग्रूपर जातीचा मासा तिच्या बिळापाशी येऊन मस्तक जलद हलवितो आणि पुष्कळदा ती बाहेर पडून त्याच्यासोबत निघते. ती फटी धुंडाळते, तो मोकळे पाणी राखतो. भक्ष्य वाटून घेत नाहीत. ज्याला सापडेल तो गिळतो. याच तांबड्या समुद्रात केलेली ही निरीक्षणे रेदुआन ब्शारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केली.

अनेक सागरांत पाणबुड्या पर्यटकांना मोरे जवळून दिसावी म्हणून तिला हाताने खाऊ घालण्याची प्रथा पडली. तिची दृष्टी मंद, घ्राणेंद्रिय मात्र तीव्र. खाद्याचा वास लागलेले बोट आणि खाद्य यांतील भेद तिला कळत नाही. थायलंडच्या सिमिलान बेटांपाशी 2005 साली एका पाणबुड्याचा अंगठा असाच गेला. दोष मात्र मोरेच्या माथी येतो, आणि माणसाची भीती सरलेली मोरे पुढे कोणाच्याही हाताकडे झेपावते. दाणे टाकण्यातच जीवदया पाहणाऱ्या मनाला हे सहज पटत नाही. तेथे दयेपेक्षा तमाशाचीच हौस अधिक होती, हेही खरे.

रास मोहम्मदमध्ये माशांना खाऊ घालण्यास मनाई आहे. तेथे जाणकार पाणबुडे हात छातीशी घेऊन कपारीपासून दूर तरंगतात. मोरे त्यांच्याकडे तोंड करून असते. जबडा उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो.