एका आडनावाची बादशाही

आडनावाचा कधी मुकुट झाल्याचे ऐकले आहे? एखाद्या कुळकर्ण्याच्या पराक्रमामुळे जगातल्या राजांना उद्या 'कुळकर्णी' म्हणू लागले, तर आपल्याला हसूच येईल. पण रोममध्ये नेमके हेच घडले. 'सीझर' हे मुळात एका घराण्याचे आडनाव. ज्यूलियस सीझर राजा होऊ पाहतो, या संशयावरून इ. स. पूर्व ४४ मध्ये त्याचा खून झाला, आणि मौज अशी, की त्याचेच नाव पुढे राजेपणाचे नाव ठरले! त्याच्या दत्तकपुत्राने ते लावले, ते सरळच होते. पण इ. स. ४१ मध्ये गादीवर आलेल्या क्लॉडियसने दत्तक न जाताच ते लावले. तेथे आडनाव सरले आणि हुद्दा सुरू झाला.

रोमन लोक त्याचा उच्चार 'कैसर'सारखा करीत. जर्मनांनी तो लवकर उचलला, म्हणून 'कैझर'मध्ये मूळचा 'क' शाबूत राहिला. स्लाव्ह लोकांच्या तोंडी झिजून त्याचा 'झार' झाला; १५४७ मध्ये मॉस्कोच्या चौथ्या इव्हानने याच किताबाने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा तुर्की सुलतान 'कैसर-इ-रूम' म्हणवू लागला. फारसीच्या वाटेने तोच शब्द आपल्याकडे आला आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी 'कैसर-इ-हिंद' झाली.

हे शिकवताना वर्गातून हमखास प्रश्न येतो, "सर, मग टिळकांचा 'केसरी'सुद्धा त्यातलाच का?" नाही हो! तो संस्कृतातला आयाळवाला सिंह. नाक सारखे दिसले म्हणून भाऊबंदकी सांगू नये.

किताबाचे दिवसही भरत आले होते. कैसर-इ-हिंद पदक गांधीजींनी १९२० मध्ये सरकारला परत केले. त्याआधीच, १९१७ मध्ये रशियाचा झार आणि १९१८ मध्ये जर्मनीचा कैझर पायउतार झाले होते. १९४८ मध्ये इंग्लंडच्या राजानेही हिंदुस्थानची बादशाही आपल्या नावापुढून काढून टाकली.

मग हा शब्द उरला कोठे? गेल्या वर्षी भाचीच्या बाळंतपणात डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "सीझर करावं लागेल." अक्का मटकन बाकावर बसली. प्लिनी नावाच्या रोमन पंडिताने लिहून ठेवले आहे, की या घराण्यातला पहिला सीझर आईचे पोट कापून जन्मला, म्हणून हे नाव पडले. ज्यूलियस मात्र तसा जन्मला नसावा. त्याची आई पुढे कित्येक वर्षे जगली, आणि त्या काळी अशा कापाकापीतून आई वाचत नसे. एरवी मी ही हकीकत रंगवून सांगतो. त्या रात्री तिच्यातले शेवटचे वाक्य तेवढे डोक्यात घुमत राहिले आणि मी मुकाट्याने अक्काशेजारी बसून राहिलो.

पहाटे दार उघडले. मुलगी झाली होती. आई शुद्धीवर होती, पाणी मागत होती. अक्काने डोळे पुसले आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली, "लेकीचं सीझर झालं हो, पण दोघी सुखरूप आहेत!"