ॲडजस्ट कोणी करायचं?

माझी उंची १५० सेंटिमीटर. म्हणजे चार फूट अकरा इंच. भारतीय बायकांची सरासरी उंची १५२ च्या आसपास आहे, त्यामुळे मी काही जगावेगळी बुटकी नाही. लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत माझ्याएवढ्या बायका रांगेने दिसतात. फक्त एकाच ठिकाणी मी अचानक ‘अपवाद’ होते. ते ठिकाण म्हणजे ट्रायथलॉन बाईकचा साइज चार्ट. तिथली सगळ्यात छोटी साइज बहुतेकदा माझ्या डोक्यावरून सुरू होते.

दोन वर्षं मी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनसाठी सराव करत होते. २०१९ पासून ही रेस तिकडे होते आहे. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर पळायचं. सायकलचे ते ९० किलोमीटर म्हणजे माझ्यासारखीला साडेतीन तास. कोपरं पुढच्या पॅडवर टेकवून, पाठ आडवी करून, मान वर काढून साडेतीन तास. साध्या सायकलवर एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे झाला तर शरीर खपवून घेतं. इथे घेत नाही.

सराव सुरू केला तो ग्रुपमधल्या एका दादाने दिलेल्या बाईकवर. उत्तम बाईक, पण ती पाच फूट सहा इंचांच्या माणसाची. साठाव्या किलोमीटरला हाताची बोटं बधिर व्हायची, मानेत कळ यायची. हळू वेगात यू-टर्न घेताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागायचं. एकदा तशीच आडवी झाले, गुडघा सोलला. नवीन बाईक बघायला एका दुकानात गेले तर तिथला मुलगा अगदी प्रेमाने म्हणाला, “मॅडम, सीट खाली घेऊ ना. बसेल. थोडं ॲडजस्ट होतं सगळ्यांनाच.”

ॲडजस्ट. हा शब्द मला घरून पाठ आहे. माझी आई मामाच्या उंच सायकलवर शिकली, मधल्या नळीखालून पाय घालून, हाफ पायडल मारत. तिच्या पिढीतल्या कितीतरी मुलामुलींनी तसंच केलं आणि आपण त्याच्या आठवणी कौतुकाने सांगतो. कौतुक आहेच. पण त्यात एक गोष्ट निसटते. आईचं शरीर सायकलसाठी वाकडं झालं होतं, सायकल आईसाठी कधीच बदलली नाही.

तर सीट खाली घेतल्याने काय होतं? पाय पोचतात. बस्स. हँडल होतं तिथेच, होतं तेवढंच लांब आणि उंच राहतं. बाईकच्या पुढच्या भागाची कल्पना एखाद्या इमारतीसारखी करा. तळमजल्यावर चाक, त्यावर फोर्क, त्यावर फ्रेमची पुढची नळी, त्यावर हँडलबार, सगळ्यात वर कोपरांचे पॅड. आज सगळीकडे चालणारं ७००सी चाक २५ मिलिमीटरच्या टायरसकट सुमारे ६७ सेंटिमीटर उंच असतं. तळमजलाच एवढा उंच, तर वरचे मजले कितीही बुटके केले तरी गच्ची माझ्या हनुवटीला लागणार. वाऱ्याखालून वाकून जायचं म्हणून ही बाईक, आणि मी तिच्यावर स्कूटर चालवल्यासारखी ताठ.

लांबीचीही तीच गोष्ट. पुढचं चाक पावलापासून दूर ठेवायचं तर फ्रेम एका मर्यादेपलीकडे आखूड होत नाही. मग काही छोट्या फ्रेममध्ये सीटची नळी जास्त उभी करतात. कागदावर वरची नळी आखूड दिसते, पण पेडलपासून हँडलपर्यंतचं अंतर फारसं कमी झालेलं नसतं. म्हणून ‘एक्स्ट्रा स्मॉल’ या शब्दावर जाऊ नका. चार्टमध्ये दोन आकडे बघा, स्टॅक आणि रीच. पेडल जिथे फिरतात त्या मध्यबिंदूपासून फ्रेमचं पुढचं टोक किती वर आहे तो स्टॅक, किती पुढे आहे तो रीच. या दोन आकड्यांना लपवालपवी करता येत नाही.

उपाय नवीन नाही. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या इंजिनिअर बाईने १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली, तेव्हा तिने छोट्या फ्रेमला पुढे २४ इंची चाक लावलं. १९८० च्या दशकाच्या शेवटी ट्रायथलॉनसाठी खास बनलेल्या सुरुवातीच्या बाईक्सना ६५०सी चाकं असायची. ६५०सी रिमचं माप ५७१ मिलिमीटर, ७००सीचं ६२२. व्यासात ५१ मिलिमीटरचा फरक, म्हणजे पुढचा भाग अडीच सेंटिमीटर खाली येतो आणि पाऊल चाकाला अडकत नाही. पुढे कारखानदारांना आणि दुकानांना एकच चाक सोयीचं वाटलं, आणि सगळे ७००सीकडे गेले.

माझं डोकं ठिकाणावर आणलं ते पुण्यातल्या एका फिटरने. तो म्हणाला, “आधी माप, मग बाईक.” हे आपल्याला खरं तर माहीत असतं. ब्लाउज शिवायला टाकताना टेलरमावशी किती मापं घेते! आणि लाखाच्या वर जाणारी बाईक आपण रंग बघून घेतो. त्याने मला हवी तशी हलणाऱ्या एका स्टँडबाईकवर दीड तास बसवलं. सीट, पॅड, सगळं हलवत राहिला, आणि शेवटी एका कागदावर माझे आकडे लिहून दिले. फ्रेम त्यानंतर शोधायची.

क्रँकचा हिशेब मी घरी मांडला. माझ्या पायांची आतली लांबी ६८ सेंटिमीटर. छोट्या बाईकवर सर्रास येणारा १६५ मिलिमीटरचा क्रँक म्हणजे त्याच्या २४ टक्के. ८६ सेंटिमीटर पाय असलेल्या सहा फुटी माणसाला याच प्रमाणात क्रँक द्यायचा तर तो जवळपास २०९ मिलिमीटरचा लागेल. तो माणूस दुकानातून पळून जाईल! प्रमाण हाच काही नियम नव्हे, पण दिशा कळते. मी १५५ चा लावला. खाली पाय तेवढाच ताणला जावा म्हणून सीट १० मिलिमीटर वर गेली, आणि पेडल वर आलं की गुडघा छातीपासून २० मिलिमीटर लांब राहू लागला. शिवाय सीट वर गेल्याने पुढचा उंच भाग तुलनेने खाली आला. म्हणजे दुकानातल्या सल्ल्याच्या बरोबर उलट.

सीटबद्दल बायका आपसातही कुजबुजतात, म्हणून स्पष्ट लिहिते. पुढे झुकल्यावर सगळा भार नाजूक भागावर येतो. सूज, बधिरपणा, लघवीला जळजळ हे ‘सवय होईल’मध्ये मोडत नाही. पुढून दुभंगलेल्या, आखूड नाकाच्या दोन-तीन सीट वापरून बघा आणि दुखलं तर बदला. ब्रेकची मूठही तपासा. घाटात उतरताना बोटं पोचत नसतील तर बाकी सगळं फिटिंग शून्य.

शेवटी मी परदेशातून आलेली जुनी, ६५०सी चाकांची फ्रेम घेतली. तिचे तोटे आहेत. टायर गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, रेसमध्ये मदतीच्या गाडीकडे ७००सीच असणार. म्हणून सोबत दोन ट्यूब, एक घडीचा टायर, आणि घरी कपाटात साठा. चाक छोटं असल्याने तोच गिअर आठ टक्के हलका पडतो. घाटात छान, सपाटीवर मोठी चेनरिंग लागली. माझं वजन ४७ किलो, त्यामुळे पुढे खोल रिम लावली नाही. समुद्रावरचा आडवा वारा ती ढकलतो. टायरसाठी एवढी धडपड नको असेल तर नीट मापाची छोटी रोड बाईक आणि तिच्यावर एरोबार हाही चांगला मार्ग आहे.

पहिल्या शंभर किलोमीटरच्या राइडनंतर मी उतरले आणि बोटं हलवून बघितली. सगळी जाग्यावर होती. दोन वर्षं मला वाटत होतं की माझी मान कच्ची आहे, माझ्यात दम नाही. दम होता. तो बाईकशी भांडण्यात खर्च होत होता.

तेव्हा शोरूममध्ये कोणी “सीट खाली घेऊ” म्हणालं, तर फक्त एवढंच विचारा: “आणि हँडल?”